गाळणीवरचा चोथा

२२ नोव्हेंबर, शनिवार

अनघाच्या लॅबमध्ये आज स्मरणसभा झाली. रजनीगंधाचे हार, पांढरी चादर घातलेलं टेबल, त्यावर तिचा फोटो. ओळखपत्रावरचाच फोटो मोठा केलेला, त्यामुळे ती जरा वैतागलेली दिसते. बरं झालं.

एका बाईंनी गाणं म्हटलं. मग तिचे साहेब, डॉ. लाहिरी, बोलले. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून. "अनघा वॉज द हँड्स ऑफ माय लॅबोरेटरी." लोकांनी माना हलवल्या. एकाने डोळे पुसले.

हात. बंगालच्या उपसागरात जहाजावर महिनाभर राहून, उलट्या करत पाण्याच्या बाटल्या भरल्या, ते हातांनी. मान्य. पण त्या पाण्यात काय शोधायचं हे कुणाला सुचलं? तिच्या कोपराला?

हात जोडले, संदेश मिठाईचा बॉक्स घेतला, खाली उतरलो.

यापुढे या वहीत त्यांचा उल्लेख ला. पूर्ण नावाइतकी शाई त्या माणसावर घालवणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

फ्रिज साफ केला. आईंचा (अ.च्या, म्हणजे अनघाच्या) मिरजेहून फोन होता, "श्रीकांतराव, तिने केलेलं काही उरलं असेल तर टाकून द्या हो, बघत बसू नका." लिंबाचं लोणचं टाकलं नाही. बाकी टाकलं.

फ्रिजच्या दारात, कोकम आगळाच्या बाटलीमागे, तो स्टीलचा छोटा डबा. मी विसरलोच होतो. वर पट्टी, तिचं अक्षर: "खाऊ नाही. श्री, हात लावू नकोस."

दुर्गापूजेच्या आधी आणला होता. पूजेचे दिवस सगळं कोलकाता बंद. लॅबही बंद, आणि त्याच दिवसांत इमारतीच्या वायरिंगचं काम काढलेलं. थंड खोलीची वीज दोन-चार तास जाईल अशी नोटीस होती. अ.चा विश्वास बसला नाही. "पूजेत दोन-चार तास म्हणजे पूजा संपेपर्यंत," म्हणाली, आणि कुणाला न सांगता तीन नळ्या पर्समधून घरी घेऊन आली. घरी न्यायची परवानगी नसते.

मी म्हटलं, विषाणू? माझ्या आगळाशेजारी?

"तो फक्त समुद्रातल्या जिवाणूंना लागतो. तुझ्यात त्याला काडीचा रस नाही."

चार दिवसांनी तिला ताप आला. डेंग्यू. कालीपूजेच्या फटाक्यांच्या आत सगळं संपलं. इतका मोठा विषाणू शोधला तिने, आणि ती गेली साध्या, लहानशा विषाणूने. हे कुणाला सांगायचं?

हॉस्पिटलात होती तेव्हा ला.चा फोन आला होता. तब्येतीची चौकशी एका वाक्यात. मग शेवटच्या प्लेटींचे फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहेत. तिने सांगितलं. सलाइन लावलेल्या हाताने फोन धरून.

डबा जिथे होता तिथे ठेवला.

२ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसातून येताना चहा घेतला. दुकानदाराने गाळणी आपटून चोथा गटारात टाकला. तिथेच उभा राहिलो जरा वेळ.

अ.ने मला तिचं काम चहाच्या गाळणीवरच समजावलं होतं. समुद्राचं पाणी फार बारीक गाळणीतून गाळतात. जिवाणू वर अडकतात, विषाणू खाली उतरतात. विषाणू शोधणारे सगळे खालचं पाणी घेतात आणि वरचा चोथा फेकतात. "शंभर वर्षं असंच चाललंय. विषाणू लहानच असणार हे कुणी ठरवलं? जो मोठा आहे तो वरच अडकणार ना? आणि आपण त्याला चोथा समजून फेकतोय."

तिने चोथा ठेवला. ला. हसला होता म्हणे. "सगळं जग मूर्ख आणि अनघा शहाणी."

मग मिळाला. जिवाणूच्या मानाने राक्षस. आत शिरला की आधी स्वतःसाठी एक खोली बांधतो आणि तिच्यात बसून काम करतो. जिवाणूची हत्यारं त्या खोलीच्या भिंतीबाहेरच राहतात. हे सांगताना अ.चं जेवण गार व्हायचं.

त्यानंतर ला. हसेनासा झाला. "आमचा विषाणू" म्हणायला लागला.

११ डिसेंबर, गुरुवार

मौमिता आली होती. लॅबमध्ये अ.च्या बाकाशेजारचा बाक तिचा. तिशीची, बारीक, सतत ओढणी सावरते. जयनगरचे मोए, खजूरगुळाचे लाडू, घेऊन आली, या दिवसांत इथे तेच नेतात.

मग म्हणाली, "दादा, विषाणूवरचा पेपर गेला नियतकालिकाला. सरांनी पाठवला. माझं नाव पहिलं घातलंय. मी मागितलं नव्हतं."

"अनघाचं?"

"शेवटी आभार मानतात ना, तिथे."

चहाचा कप मी फार हळू खाली ठेवला. सांडला नाही.

मेलेल्या माणसाला नियतकालिकाच्या पत्रांना उत्तरं देता येत नाहीत, असं कारण ला.ने दिलं म्हणे. सोयीचं आहे. मेलेल्याला बरंच काही करता येत नाही.

जाताना दारात, "अनघादी मला सगळं शिकवायची. हे एक शिकवायचं राहिलं. पूजेनंतर सांगते म्हणाली होती."

काय राहिलं, मी विचारलं नाही.

१२ डिसेंबर

आईंना सांगितलं नाही. त्या रोज विचारतात, "छापून आलं का तिचं? पहिलं नाव तिचं असेल ना? आलं की मला वाचून दाखवा. इंग्रजी असलं तरी वाचा, मला नाव कळेल."

म्हटलं, वेळ लागतो आई.

ला.चं वाटोळं व्हावं. इतकं साधं वाक्य मी आयुष्यात कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. लिहून बरं वाटलं.

२८ डिसेंबर, रविवार

मौमिताचा फोन. पेपर वाचणाऱ्या परीक्षकांनी शंका काढली आहे. असा विषाणू इतक्या सहज कसा दिसला? प्रयोग पुन्हा करून दाखवा म्हणतात. आणि यांना जमत नाहीये.

थंड खोलीची वीज पूजाभर बंद होती. (अ.चं म्हणणं खरं.) त्यातल्या नळ्या मेल्या. फ्रीझरमध्ये थोड्या होत्या, त्या जिवंत आहेत की नाही कळत नाही, कारण प्लेटवर काही दिसतच नाही.

प्लेटवर दिसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. जेलीच्या पातळ थरात जिवाणू वाढवतात, दुधासारखा पांढुरका थर होतो. विषाणू जिथे जिवाणू मारतो तिथे पारदर्शक भोकं पडतात. भोकं पडली तर विषाणू आहे. नाही पडली तर नाही.

"दादा, पूजेच्या सुट्टीत अनघादीने काही घरी आणलं होतं का?"

"नाही," म्हटलं.

फोन ठेवला. फ्रिजची मोटर चालू झाली.

९ जानेवारी, शुक्रवार

मौमिताने पेपर पाठवला, मी मागितला म्हणून. कृतीचा परिच्छेद वाचला. दोनदा वाचला. मग हसलो. घरात एकटा, मोठ्याने. शेवटचा कधी हसलो होतो आठवत नाही.

ला. दर पेपरात कृतीचा परिच्छेद स्वतःच्या जुन्या पेपरातून जसाच्या तसा उचलतो. अ.ची कायमची तक्रार. "आकडेसुद्धा बदलत नाही रे. त्याच्या लग्नाच्या आधीचा परिच्छेद आहे तो." इथेही तेच. जेलीत अगर, म्हणजे चायना ग्रास, किती, तर पुस्तकात असतो तेवढा. घट्ट.

अ.ची जेली घट्ट नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत तिने चायना ग्रासचं आंब्याचं पुडिंग नेलं होतं. सेट झालंच नाही. कुलकर्णीकाकू सगळ्यांसमोर, "अगं अनघा, हे चमच्याने खायचं की पेल्यातून प्यायचं?" सगळ्या हसल्या. अ. पण. पण घरी येताना टॅक्सीत गप्प. मला वाटलं लागलं तिला. खिदिरपूर आल्यावर म्हणाली, "श्री, मोठ्या माणसाला गर्दीतून वाट काढता येते का? लहान पोर सुटतं सुळकन. मोठा अडकतो. आमच्या जेलीत तो अडकत असणार. म्हणून भोकं दिसत नाहीत. पातळ करायला हवी. पुडिंगसारखी."

लॅबची कृती बदलायची नाही असा ला.चा नियम. म्हणून रविवारी जाऊन एकटी करायची. अगर निम्म्याहूनही कमी. इतका पातळ थर की प्लेट जरा तिरकी केली तरी घसरतो. घरी येऊन सांगायची, "ओतायचं आणि हलवायचं नाही. श्वाससुद्धा रोखायचा." फोटो ला.ला दिले, भोकं दिसत होती, त्याला आणखी काय हवं? कशी पडली ते त्याने विचारलंच नाही. हाताला कोण विचारतं?

पूजेनंतर सगळं रीतसर लिहून देणार होती.

म्हणजे नळ्या माझ्या फ्रिजमध्ये आणि प्रमाण माझ्या डोक्यात. दोन्ही नसतील तर ला. जन्मभर प्लेटी ओतत बसेल.

बसू दे.

१४ जानेवारी

संक्रांत. बाबूघाटला गंगासागरच्या यात्रेकरूंची गर्दी, ऑफिसची बस अडकली. आईंनी कुरियरने तिळगूळ पाठवलाय. सोबत अ.साठीही वेगळी पुडी, सवयीने. मागून फोन करून रडल्या.

ला.च्या प्लेटी अजून कोऱ्या. मौमिता कळवते. मी "अरेरे" म्हणतो.

चव आहे या गोष्टीला. हे मान्य करायला हवं.

२३ जानेवारी, शुक्रवार

सरस्वतीपूजा. आज इथे कुणी वाचत-लिहीत नाही, वह्या-पुस्तकं देवीपुढे ठेवतात. मी लिहितोय.

लॅबच्या पूजेचं बोलावणं होतं. गेलो. मुद्दाम. देवीच्या पायाशी पुस्तकं, पिपेटा, एक जुना सूक्ष्मदर्शक, पलाशची फुलं. अ.ची पिपेट ओळखली, तिला निळा दोरा बांधलेला असतो. पिवळ्या साड्या, खिचुडी, वांग्याची भजी.

पंगतीत ला. माझ्यापासून दोन माणसं सोडून. शेजारच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांशी बांगलात बोलत होता. मराठी माणसाला बांगला कळत नाही असा याचा समज. मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, नळदुरुस्तीवाल्याशी मी बांगलात भांडतो.

"मेयेटा भालो छिलो, किन्तु बड्डो ताडाहुडो कोरतो." मुलगी चांगली होती, पण फार घाई करायची. पुढे म्हणाला, ती भोकं बहुतेक हवेच्या बुडबुड्यांची असावीत. माझा विश्वास होता तिच्यावर, काय करणार.

प्राध्यापक हळहळले, "आहा रे."

घाई. जी बाई श्वास रोखून प्लेट ओतायची.

खिचुडी पानात टाकायची नाही म्हणून खाल्ली.

हे मी धरलं नव्हतं. मला वाटत होतं प्लेटी कोऱ्या राहिल्या की ला. बुडेल. तो बुडणार नाही. तो अ.ला पुढे करेल. माझ्या गप्प बसण्याने तिलाच खोटं पाडायची सोय करून दिली मी त्याला.

२५ जानेवारी

दोन दिवस डोकं चालत नाही. बोललो तर ला. तरतो. नाही बोललो तर अ. बुडते.

डबा उघडला. पहिल्यांदा. तीन नळ्या, पाण्यासारखं स्वच्छ. यात काही जिवंत असेल असं वाटत नाही. पुन्हा बंद केला.

मोरीत ओतून टाकावं असंही मनात आलं. मग कुणाचंच नाही. नळ चालूही केला होता.

८ फेब्रुवारी, रविवार

ला. घरी आला!

मौमिता बरोबर. तीन जिने चढून, धापा टाकत. अ. असताना कधी आला नाही. संदेशचा बॉक्स, त्याच दुकानाचा. सोफ्यावर बसला, भिंतीवरचा फोटो पाहून दोन सेकंद डोळे मिटले. तालीम केल्यासारखे.

"मिस्टर देवधर, शी वॉज लाइक अ डॉटर."

गप्प बसणं मला येतं.

मग मुद्द्यावर. अनघाच्या काही वस्तू, नळ्या, चुकून घरी राहिल्या आहेत का? कुणाला दोष द्यायचा नाही, नियमबियम सोडून द्या. किंवा ती कामाबद्दल घरी काही बोलायची का? काही खास पद्धत?

मी विचारलं, "स्मरणसभेत तुम्ही तिच्याबद्दल काय म्हणाला होता, आठवतं?"

"बरंच काही म्हणालो. काय बरं?"

"ती तुमच्या लॅबचे हात होती."

त्याने आठवून पाहिलं. खरंच पाहिलं. मग चेहरा खुलला. "मी म्हणालो असं? छान म्हणालो की."

अडीच महिने त्या एका शब्दावर मी दात धरून बसलोय. आणि त्याला आठवतही नाही.

उठलो. फ्रिज उघडला. डब्याला धक्का न लावता पुढची आगळाची बाटली काढली, त्याला कोकम सरबत करून दिलं. त्याने एका दमात संपवलं. "व्हेरी रिफ्रेशिंग. डाळिंब?"

"कोकम."

"तर, घरी काही नाही?"

"नाही."

मौमिता फ्रिजकडे बघत होती की फोटोकडे, कळलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मौमिता एकटी आली. बसली नाही. फोन पुढे धरला. ला.चं पत्र, नियतकालिकाला. पेपर मागे घेत आहोत. कारण: आमच्या दिवंगत सहकारी अनघा देवधर यांच्या हातून झालेल्या कामाची खात्री पटवता आली नाही.

तेच हात. कौतुकालाही तेच, बळी द्यायलाही तेच.

"सोमवारी अकराला सगळ्यांची मीटिंग. त्यात सही करून पाठवणार."

मी फ्रिजकडे गेलो. डबा काढला, तिच्या पुढे ठेवला. मग अगरचं प्रमाण सांगितलं. पुडिंगची गोष्टही सांगितली. ती पट्टीवरचं अक्षर वाचत होती. मराठी कळत नाही तिला, पण अक्षर ओळखलं.

वाटलं रडेल. चिडली.

"इतके दिवस? इतके दिवस हे इथे होतं? मी विचारलं होतं तुम्हाला!"

"हो."

"दादा, मी रोज प्लेटी ओततेय. रविवारी पण. माझी नोकरी मार्चअखेर संपते, मुदतवाढ या कामावर आहे. तुम्हाला काय वाटलं, सरांना त्रास होतोय? सर सहाला घरी जातात. झोपतात. त्रास मला झाला."

मी फ्रिजचं दार लावलं.

"अनघादीने असं केलं असतं?"

"अनघा मेली," मी म्हटलं. फार मोठ्याने. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

ती खुर्चीत बसली. थोड्या वेळाने ओढणीने नाक पुसून म्हणाली, "पाणी द्या."

पाणी दिलं. मग म्हणाली, "रविवारी. तुम्ही पण या. हे बर्फातून न्यायला हवं."

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र. आईंचा उपास. त्यांना काही सांगितलं नाही.

सियालदहच्या मासळीबाजारातून बर्फ घेतला. लॅबचं बर्फाचं यंत्र बिघडलं की अ. इथूनच घ्यायची. विक्रेत्याने फावड्याने डबाभर घातला. "की माछ, दादा?" मासे कुठले म्हणून.

"माछ ना."

"ताहोले?"

तर मग काय, याला काय सांगणार. "आमार स्त्रीर जिनिश," म्हटलं. बायकोची वस्तू. तो हसला. "ताहोले तो शाबधाने नियेन." मग तर जपून न्या. पैसे देताना वरून आणखी मूठभर बर्फ टाकला.

लॅबमध्ये आम्ही दोघंच. मौमिताने दोन नळ्या उघडल्या, तिसरी मी दिली नाही. दोन तऱ्हेच्या प्लेटी केल्या. काही ला.च्या मापाने, काही अ.च्या. प्रत्येक नळीतून दोन्ही. घट्ट जेली ओतताना ती बोलत होती. पातळ ओतताना तिचा श्वास थांबलेला मला दिसला. मी दाराशी उभा. हललो नाही.

प्लेटी उबदार कपाटात ठेवल्या. उद्या सकाळी कळेल. नळ्या इतके महिने घरच्या फ्रिजमध्ये. दिवसातून कितीदा दार उघडलं जातं. मेलंही असेल सगळं.

परतताना ट्रामच्या थांब्यावर मी तिला माझं म्हणणं सांगितलं.

भोकं पडली तर अकराच्या आधी ला.ला सांगायचं नाही. सही करू दे. पत्र जाऊ दे. हे काम खोटं आहे असं त्याच्याच हाताने जगाला कळू दे. मग प्लेटी टेबलावर ठेवायच्या, त्याच मीटिंगमध्ये. ज्याने काम नाकारलं त्याचा त्यावर हक्क राहत नाही. मग पेपर नव्याने, पहिलं नाव अनघाचं, दुसरं तुझं.

ती रुळांकडे बघत म्हणाली,

"पत्रात अनघादीचं नाव आहे, दादा. ते गेलं की तिथे राहतं. नंतर आपण काहीही छापलं तरी. लोक पहिलं वाचतात, दुसरं वाचत नाहीत."

"आणि आधी सांगितलं तर?"

"तर पत्र जाणार नाही. सर म्हणतील, बघा, मला खात्रीच होती." किंचित हसली. "पुन्हा 'आमचा विषाणू'."

"आणि तिचं नाव?"

"मी भांडेन."

"जमेल?"

"माहीत नाही." मग, "तुम्ही सांगाल तसं करते. पण सांगायला तुम्हीच पाहिजे. मी ठरवणार नाही."

ट्राम आली नाही. बसने गेलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

वही ऑफिसात आणली आहे. असं कधी करत नाही. गार्डन रीचच्या ऑफिसची ही मागची गॅलरी, समोर नदी, एक गाळाने भरलेली नाव ओहोटीबरोबर चाललीय.

सकाळी आईंचा फोन. उपास सोडला म्हणाल्या. मग नेहमीचं, "छापून आलं का हो?" म्हटलं, आज काहीतरी कळेल. त्यांनी लगेच विचारलं, "चांगलं ना?" मी म्हटलं, ऑफिसला उशीर होतोय.

मौमिताने फोटो पाठवला. दोन प्लेटी शेजारी शेजारी. ला.च्या मापाची पांढुरकी, सपाट, काही नाही. अ.च्या मापाची भोकाभोकांची. टाचणीने टोचल्यासारखी बारीक, पण स्वच्छ. मोठा करून पाहिला. मोजायला लागलो आणि थांबलो.

जिवंत आहे. आगळाच्या बाटलीमागे, इतके महिने.

बुडबुडे म्हणे.

फोटोखाली मेसेज: "सर आले. पत्र उघडून बसलेत. सगळे येतायत. सांगू?"

मी "नको" लिहिलं. पाठवलं नाही. पुसलं. "सांग" लिहिलं. तेही पुसलं. ला.चा चेहरा डोळ्यांपुढे आणला, सरबत पितानाचा. मग त्या पत्रातली ओळ, तिच्या नावाची. दोन्ही एकदम दिसतात, एक दिसलं की दुसरं जात नाही.

सही करताना त्याचा हात बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

फोन उलटा ठेवून हे लिहितोय. पुन्हा वाजला.

मौमिता. एकच शब्द.

"दादा?"